आईंना १८, बाबांना २७ : कागदावरचे गुण आणि घरातली माणसं

प्रश्न : पत्र नागपूरच्या एका सुनेचं आहे. घरात नवरा, दहावीतला मुलगा, ७२ वर्षांच्या सासूबाई आणि ७७ वर्षांचे सासरे. डिसेंबरात वस्तीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या हॉलमध्ये स्मरणशक्ती तपासणीचं शिबिर झालं. तारीख, वार, तीन शब्द लक्षात ठेवणं, शंभरातून सात-सात वजा करणं, चित्र बघून काढणं, असे तीस गुणांचे प्रश्न होते. चौथी शिकलेल्या सासूबाईंना १८ मिळाले. शाळेत गणित शिकवलेल्या सासऱ्यांना २७. सासूबाईंच्या कागदावर 'डिमेन्शियाची शक्यता', म्हणजे स्मृतिभ्रंशाची, असं लिहून दिलं आणि घर हादरलं. त्यांना गॅस पेटवायला मनाई झाली, कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या. नातू जेवताना रोज विचारतो, "आजी, आज तारीख काय?" पुण्याची नणंद म्हणते, आधी एमआरआय करा. नवरा म्हणतो, आईला यातलं काही कळू द्यायचं नाही. दिवाळीत वर्ध्याची थोरली बहीण गेल्यापासून सासूबाई गप्प गप्पच आहेत. परवा त्या सुनेला म्हणाल्या, "काहून गं, मी का पागल होऊन राहिली? चहासुद्धा करू देत नाही तुम्ही मला."

पत्राच्या शेवटी सासऱ्यांबद्दल चार ओळी आहेत. विजेचं बिल त्यांनी दोनदा भरलं. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, स्कूटर कुठे लावली ते सापडेना, म्हणून ती तिथेच टाकून ऑटोने घरी आले. नातवाला बीजगणित शिकवताना चिडून पुस्तक मिटवतात. "पण त्यांना तर २७ आहेत," असं लिहून पत्र संपतं. विचारलंय ते असं : आईंना सांगायचं का, एमआरआय करायचा का, आणि मोबाइलवरच्या ॲपने घरी पुन्हा चाचणी घेतली तर चालेल का?

उत्तर :

ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांआधी एक गोष्ट बोलायला हवी, कारण ती तुम्ही सगळ्यांनी गृहीत धरली आहे. आईंना डिमेन्शिया आहे, हे त्या हॉलमध्ये ठरलेलं नाही. बाबांना तो नाही, हेही तिथे ठरलेलं नाही. अशी चाचणी म्हणजे चाळणी. कुणाकडे नीट बघायला हवं, एवढंच ती सुचवते. चाळणीत काही खडे खाली जातात आणि काही चांगले दाणे वर अडकतात. मी अनेक वर्षं अशा चाचण्या घेत आले आहे आणि तुमचं पत्र वाचल्यावर मला आईंपेक्षा बाबांची काळजी जास्त वाटली.

तुम्ही वर्णन केलंय त्यावरून ही १९७५ साली अमेरिकेत तयार झालेली, जगभर वापरली जाणारी चाचणी दिसते. २४ च्या खाली गुण गेले की शंका घ्यायची, असा तिचा ढोबळ संकेत. आता तिचे गुण कुठे कुठे आहेत ते बघा. शंभरातून सात-सात वजा करण्याचे ५. लिहिलेली सूचना वाचून तसं करण्याचा १. स्वतः एक वाक्य लिहिण्याचा १. एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढण्याचा १. म्हणजे ३० पैकी ८ गुण थेट शाळेचे झाले. चौथीनंतर ज्या बाईच्या हातात साठ वर्षं लाटणं, विळी आणि सुई होती, तिचे हे गुण जातातच. आईंचा कागद पुन्हा काढून बघा, बारा गुण नेमके कुठे गेलेत ते. तारखेचा एक गुण कसा गेला ते तुम्हीच लिहिलंय : त्यांनी "मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार" असं उत्तर दिलं. अहो, ते बरोबर होतं! काळाचं भान असलेल्या माणसाचंच ते उत्तर आहे. विचारणाऱ्याच्या कागदावर त्याला रकाना नव्हता, एवढंच.

उमरेडकडच्या एक आजी मला आठवतात. पंचकोन काढायला सांगितल्यावर त्यांनी पेन मुठीत धरलं, बराच वेळ कागदाकडे बघितलं आणि दोन शंकरपाळ्या काढल्या. त्यांचे गुण आईंपेक्षाही कमी होते. नंतर त्यांच्या लेकीशी बोलले तेव्हा कळलं, की बारा बायकांच्या भिशीचा हिशेब त्या तोंडी ठेवतात. कुणाचा हप्ता राहिला, कुणी कधी उचल घेतली, सगळं पाठ. अशा बाईला आजारी ठरवणारा कागद मी कसा लिहू?

ही अडचण आपल्याकडच्या डॉक्टरांनी फार आधी ओळखली होती. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमधल्या निरक्षर वृद्धांसाठी याच चाचणीचं हिंदी रूप तयार झालं, ते १९९५ साली प्रसिद्ध झालं. त्यात वाचायची सूचना काढून टाकली आणि "मी करतो तसं करा" म्हणत डोळे मिटून दाखवायचं ठरलं. वाक्य लिहिण्याऐवजी "तुमच्या घराबद्दल काहीतरी सांगा" असं विचारलं गेलं. म्हणून पुढच्या वेळी आईंची चाचणी होईल तेव्हा घेणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा, की त्या चौथी शिकलेल्या आहेत. मराठीतून, शांत खोलीत आणि कमी शिकलेल्या माणसासाठी असलेल्या पद्धतीनेच ती व्हावी. हे मागणं चुकीचं नाही, संकोच करू नका.

आता तुमच्या पत्रातली एक ओळ तुम्हालाच परत वाचून दाखवते. संक्रांतीला तुम्ही आईंना गॅसपाशी जाऊ दिलं नाही, पण त्यांनी मागे उभं राहून गुळाचा पाक पाहिला, थेंब पाण्यात टाकायला लावला, "अजून दोन मिनिटं" म्हणाल्या आणि चाळीस लाडवांचं प्रमाण न विचारता सांगितलं. लाडू नेहमीसारखे झाले, असं तुम्हीच लिहिलंय. पायऱ्या क्रमाने लक्षात ठेवणं, वेळेचा अंदाज, प्रमाण, चूक होण्याआधी ती दिसणं, हे सगळं मेंदूचंच काम आहे. डिमेन्शिया सुरू झाला की पुष्कळदा अशाच सवयीच्या कामातला क्रम विस्कटायला लागतो. तो इथे विस्कटलेला नाही.

म्हणून आईंना काही झालेलंच नाही, असंही मी म्हणणार नाही. त्या गप्प झाल्या आहेत. बहीण गेली तेव्हापासून. म्हातारपणातलं नैराश्य पुष्कळदा विसराळूपणाचा वेष घेऊन येतं. लक्ष लागत नाही, मग ऐकलेलं मनात उतरतच नाही, आणि मग "मला काही आठवत नाही" असं माणूस स्वतःच म्हणायला लागतं. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. शिवाय त्यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं का? घुमणाऱ्या हॉलमध्ये, बाजूला माइक चालू असताना सांगितलेले तीन शब्द कानात शिरलेच नसतील, तर पाच मिनिटांनी आठवणार कुठून? मोतीबिंदूचंही बघून घ्या.

आणि रक्त. बी-१२ जीवनसत्त्व कमी असेल तर स्मरणशक्तीवर परिणाम होतो, आणि शाकाहारी घरांत ते कमी असणं अगदी नेहमीचं आहे. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल, किंवा रोज सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेतली जात असेल, तर आणखीच. थायरॉइड मंदावलं असेल, शरीरातलं सोडियम उतरलं असेल, तरी माणूस मंद आणि विसराळू होतो. झोपेच्या गोळ्या आणि सर्दी-खाजेच्या काही जुन्या गोळ्यांनीही म्हाताऱ्या माणसाचं डोकं जड होतं. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या औषधांची अख्खी पिशवी न्या, आयुर्वेदिक चूर्णं आणि शेजारणीने दिलेल्या गोळ्यांसकट. नुसती नावं सांगू नका.

आता बाबा.

शंभरातून सात-सात वजा करणं आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला किती कठीण जाणार? त्यांनी ते एका दमात केलं असेल. शिकलेल्या माणसाकडे शिल्लक मोठी असते. आतून खर्च सुरू झाला तरी पासबुकावर बरेच दिवस कळत नाही. त्यातून ही चाचणी नियोजन, निर्णय, एकाच वेळी दोन गोष्टी सांभाळणं, हे फारसं तपासतच नाही. नेमक्या तिथेच बाबांची पावलं अडखळत आहेत. बिल दोनदा भरलं. स्कूटर सापडेना, तर शोधायची कशी याचा मार्ग सुचेना, म्हणून ती सोडून आले. बीजगणित चुकायला लागलं तेव्हा राग आला. एकेक घटना वेगळी घेतली तर काहीच नाही, अशी चूक माझ्या हातूनही होते. पण या माणसाच्या हातून आधी अशी चूक होत होती का? मला विचारावासा वाटतो तो प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर कागदावर नसतं, घरात असतं.

डॉक्टर घरच्यांना विचारायच्या आठ प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात. निर्णय घेण्यात चुका, आवडीच्या गोष्टींतला रस कमी होणं, तेच तेच पुन्हा बोलणं, नवं उपकरण शिकायला जड जाणं, महिना किंवा वर्ष विसरणं, पैशांचे गुंतागुंतीचे व्यवहार न जमणं, ठरलेल्या भेटी विसरणं, आणि विचार करण्या-आठवण्याची रोजचीच अडचण. प्रत्येक वेळी विचारायचं एकच : गेल्या काही वर्षांत यात बदल झालाय का? दोन किंवा अधिक ठिकाणी 'हो' आलं, तर पुढची तपासणी करावी. तुमच्या चार ओळींतच बाबांचे दोन तरी 'हो' मला दिसतात.

आणखी एक फरक लक्षात ठेवा. आई स्वतःच तक्रार करतात, "मला आठवत नाही." बाबांना मात्र आपलं काही बिघडलंय असं वाटतच नाही. जो स्वतः चिंता करतो त्याच्या मागे पुष्कळदा ताण किंवा दुःख असतं. ज्याच्याबद्दल घरचे चिंता करतात आणि तो मात्र निर्धास्त असतो, त्याच्याकडे आधी बघावं. याला अपवाद आहेत, पण वर्षानुवर्षं हे असंच दिसत आलंय.

शिबिर घेणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, हे मी मानते. पण हा हिशेब बाबांनाही आवडेल. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांपैकी साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीतला आकडा ७.४ टक्के आहे. समजा, शिबिरात शंभर जण आले आणि चाचणीने सातांतले सहा पकडले. उरलेल्या त्र्याण्णवांपैकी फक्त पंधरांवर चुकीची शंका घेतली, तरी 'शक्यता' लिहिलेले कागद एकवीस होतात आणि त्यातले पंधरा जण आजारी नसतातच. अमेरिकेतल्या प्रतिबंधक तपासण्यांच्या तज्ज्ञ गटानेही २०२० साली हेच म्हटलं, की काहीच तक्रार नसलेल्या वृद्धांची अशी सरसकट चाळणी करून फायदा होतो की तोटा, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. तक्रार असलेल्या माणसाची तपासणी ही वेगळी गोष्ट. ती व्हायलाच हवी आणि 'साठी बुद्धी नाठी' म्हणून ती टाळण्याची आपली सवय वाईट आहे. विसराळूपणा वयाने थोडा वाढतो, हे खरं. पण नाव विसरून संध्याकाळी आठवणं वेगळं आणि आपण दहा मिनिटांपूर्वी विचारलं होतं हेच न आठवणं वेगळं.

तेव्हा दोघांनाही न्या. एकाच दिवशी, एकाच डॉक्टरांकडे, 'दोघांची वर्षाची तपासणी' म्हणून. हे खोटं नाही, आणि बाबांनाही मान्य होईल. सुरुवात घरच्या ओळखीच्या डॉक्टरांपासून करा. रक्ततपासणी, रक्तदाब, कान, डोळे, औषधांची पिशवी, आणि मन कसं आहे याची चौकशी, एवढं तिथेच होईल. पुढे मेंदूविकार किंवा मनोविकार तज्ज्ञांची गरज पडली, तर खासगी दवाखान्यांखेरीज मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही नागपुरातली सरकारी रुग्णालयं आहेतच. मनोविकार विभागाची पाटी बघून बाबा बिचकतील. त्यांना सांगा, की स्मरणशक्तीच्या तक्रारी बघणं हे त्या विभागाचं रोजचं काम आहे. जाण्यापूर्वी एका कागदावर तारखांसकट घटना लिहून ठेवा : बिल कधी, स्कूटर कधी, बदल हळूहळू आला की अचानक. हा कागद डॉक्टरांच्या हातात आधीच द्या, बाबांच्या देखत त्यांच्या चुका वाचून दाखवू नका. मागच्या काही महिन्यांत कुणी पडलं असेल, डोक्याला किरकोळ मार लागला असेल, तर ते आवर्जून सांगा. डोक्यात हळूहळू साचलेल्या रक्तामुळेही असं होतं, आणि ते वेळेत काढलं तर माणूस सुधारतो.

एमआरआय कशासाठी, ते यावरून लक्षात येईल. साचलेलं रक्त, गाठ, मेंदूतलं वाढलेलं पाणी, नकळत येऊन गेलेले छोटे झटके, हे तो दाखवतो. डिमेन्शिया आहे की नाही याचा शिक्का तो मारत नाही. सुरुवातीला तो अगदी 'वयाप्रमाणे' येऊ शकतो. म्हणून तो तपासणीनंतर, डॉक्टरांनी सांगितला तर करायचा. नणंदबाईंना हे सांगा आणि त्यांना दुसरं काम द्या : रोज संध्याकाळी आईंना फोन करायचा आणि गेलेल्या मावशींबद्दल बोलायचं. त्या घरात मावशींचं नाव कुणी काढतच नाही, असं मला पत्रावरून वाटलं.

आईंना सांगायचं का? त्यांना कळलंय, ताई. किल्ल्या गेल्या, गॅस गेला, नातू रोज परीक्षा घेतो, आणि कारण मात्र कुणी सांगत नाही. "मी का पागल होऊन राहिली" हा प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारला, म्हणजे घरात त्यांचा सगळ्यात जास्त विश्वास तुमच्यावर आहे. त्यांना खरं तेवढं सांगा : "आई, त्या शिबिरात शाळेतले प्रश्न विचारले होते, त्यात गुण कमी आले. त्यावरून आम्ही घाबरलो आणि तुमच्याशी चुकीचं वागलो. मावशी गेल्यापासून तुम्हाला बरं वाटत नाहीये, म्हणून डॉक्टरांना दाखवू. बाबांनाही दाखवायचंय." यांना, म्हणजे तुमच्या मिस्टरांना, हे आधी सांगून ठेवा. आईपासून लपवण्यामागे त्यांची माया आहे, पण त्या मायेमुळे आई एकट्या पडल्या आहेत. पुढे तपासणीत काही निघालंच, तर ते किती आणि कसं ऐकायचं हे आईंना स्वतःलाच विचारा. काहींना सगळं ऐकायचं असतं, काही म्हणतात "मुलाला सांगा, मला नको." दोन्ही चालतं.

ॲप नको. तेच शब्द घरी पाच वेळा घोकून घेतले तर पुढची खरी चाचणी बिघडते. मुलाचं ते रोजचं "आजी, तारीख काय?" आजपासून बंद. त्याने प्रेमाने केलं असेल, पण जेवणाच्या ताटावर कुणाचीही परीक्षा घेऊ नये.

बाबांच्या बाबतीत मात्र तपासणीची वाट न बघता दोन-तीन गोष्टी करून टाका. बँकेचे संदेश त्यांच्याबरोबर तुमच्या मिस्टरांच्या मोबाइलवरही येऊ द्या, बिलं आपोआप भरली जातील अशी सोय करा. हे त्यांच्याशी बोलून, त्यांच्या सहीने व्हायला हवं. फोनवर ओटीपी मागणाऱ्यांना असाच माणूस सापडतो. स्कूटरवर सध्या एकटे लांब नको. बर्डीला जायचं असेल तर नातवाची सोबत किंवा मेट्रो. मृत्युपत्र, खात्यांवरची नावं, हे आत्ताच मार्गी लावलं तर बरं, कारण समज हरवल्यावर साधं मुखत्यारपत्रही आपल्या कायद्यात टिकत नाही. पुढे मानसिक आजारपणात आपल्यासाठी कुणी निर्णय घ्यायचे, हे लिहून ठेवायची तरतूद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे.

निदान झालंच, तर? काही प्रकारांत गोळ्यांनी लक्षणं काही काळ सावरतात. आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. तरीही लवकर कळणं मोलाचं आहे. रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, कान, डोळे, चालणं, माणसांत राहणं, यांवर काम करता येतं, आणि गणिताच्या सरांना आपल्या पुढच्या वर्षांचे निर्णय स्वतः घेता येतात.

एक सूचना याच सदराच्या बाकीच्या वाचकांसाठीही, कारण उन्हाळा तोंडावर आहे. हळूहळू विसरणं वेगळं आणि दोन दिवसांत बरळायला लागणं वेगळं. नागपूरच्या ४५ अंशांत, पाणी कमी पोटात गेलं, रक्तदाबाच्या गोळीने लघवी जास्त झाली, सोडियम उतरलं, किंवा लघवीचा संसर्ग झाला, की म्हातारं माणूस अचानक भ्रमात जातं. त्या दिवशी चाचणी नाही, वाट बघणं नाही. त्याच दिवशी दवाखाना. एका बाजूची ताकद गेली किंवा बोलणं अडखळलं, तर त्याच तासात. कुठे जावं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ आणि मनाच्या तक्रारींसाठी टेली-मानसची १४४१६ या दोन्ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहेत.

आणि ताई, उद्या सकाळचा चहा आईंना करू द्या. मागे उभं राहायचं नाही. काळजी वाटत असेल तर गॅसला गळती कळणारा अलार्म बसवून घ्या, तो सगळ्या घरांत असावा. किल्ल्याही द्या. चहा झाला की त्यांच्याजवळ बसून मावशींची एखादी गोष्ट विचारा. दोघांचे रक्ताचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा. बाबांचा कागद पाठवाल तर त्यावरच्या घटना तारखांसकट पाठवा.